बेसमेंटमधला रेडॉन: आमच्या घरचा आकडा ११.८ वरून १.१ वर कसा आला

अबोली | १६ फेब्रुवारी

हा धागा मुद्दाम बेसमेंट असलेल्या घरांत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी काढतेय. रेडॉन म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू, वर्षानुवर्षं श्वासात गेला तर त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. लांबलचक होणार आहे, पण मला हे सगळं एका जागी लिहून ठेवायचंय.

आम्ही पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनजवळ राहतो. घर १९९४ सालचं. खाली पूर्ण बेसमेंट, आणि त्याचं एक दार थेट मागच्या अंगणात उघडतं. घर घेतल्यावर आम्ही खाली भिंती घातल्या, कार्पेट टाकलं, न्हाणीघर काढलं आणि एक खोली आई-बाबांसाठी केली. बाबांचे गुडघे धरतात, जिना चढायचा त्रास नको, सकाळी उठून सरळ बागेत जाता येईल, हा विचार. गेली तीन वर्षं ते मे-जूनमध्ये येतात आणि पाच महिने त्याच खोलीत झोपतात. आईचं देवघरही तिथेच मांडलंय.

जानेवारीत शेजारीण घर विकत होती. घेणाऱ्यांनी रेडॉनची टेस्ट केली, आकडा जास्त आला, आणि ती कुंपणापाशी उभं राहून मला म्हणाली, तुमचं घर आमच्याच बिल्डरचं आहे, बघून घ्या. आम्ही घर घेताना घाईत ही टेस्ट सोडून दिली होती.

दुकानातून कोळशाचे दाणे भरलेली चपटी गोल डबी आणली. बारा तास आधीपासून सगळ्या खिडक्या बंद, दारं फक्त येण्याजाण्यापुरती उघडायची. डबी जमिनीपासून किमान वीस इंच वर, खिडकी-दारापासून तीन फूट लांब ठेवायची. न्हाणीघरात किंवा स्वयंपाकघरात नाही. मी ती आईच्या पलंगाशेजारच्या तिपाईवर ठेवली. चार दिवसांनी झाकण चिकटवून त्याच दिवशी पोस्टात टाकली. उशीर करून चालत नाही, कारण रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो, आणि डबी घरात पडून राहिली तर लॅबला मोजायला काही उरत नाही.

बेसमेंट ११.८ पिकोक्युरी प्रति लिटर (हे हवेतल्या रेडॉनचं इथलं माप). वरचा मजला ५.१.

अमेरिकेत ४ किंवा त्याच्या वर आकडा आला तर दुरुस्ती करा असं सांगतात. कॅनडा-युरोपातल्या मापात ४ म्हणजे १४८ बेकरेल प्रति घनमीटर. जागतिक आरोग्य संघटना तर १०० बेकरेलच धरते, म्हणजे २.७ च्या आसपास. त्या हिशेबाने आईच्या उशाशी ४३७ बेकरेल होते. तो कागद वाचताना डोळ्यांसमोर आली ती त्या पलंगावर घडी घालून ठेवलेली तिची गोधडी.

आमचा हा पट्टाच रेडॉनसाठी प्रसिद्ध आहे हे मला तेव्हा कळलं. डिसेंबर १९८४ मध्ये इथून जवळच्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ले वॉट्रस नावाच्या इंजिनिअरमुळे किरणोत्साराचा अलार्म वाजायला लागला. केंद्राची वीजनिर्मिती अजून सुरू व्हायची होती. एका सकाळी कामाला हात लावण्याआधी, आत शिरतानाच अलार्म वाजला, आणि मग लक्षात आलं की हे घरून येतंय. त्यांच्या घरात २,७०० पिकोक्युरीच्या आसपास रेडॉन निघाला. अमेरिकेत घरातल्या रेडॉनकडे लोक गंभीरपणे बघायला लागले ते त्यानंतर.

आता दुरुस्तीचं. आधी आम्ही चुकलो. ओळखीतून एक माणूस बोलावला. त्याने फरशीच्या भेगा भरल्या, सामानाच्या खोलीत जाड रंग लावला, सहाशे डॉलर घेतले. परत टेस्ट केली, आकडा १०.९. भेगा बुजवल्या की वायू थांबतो असं आम्हालाही वाटलं होतं. तसं होत नाही. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते आणि माळ्यातून निसटते, त्यामुळे खालच्या भागात अगदी किंचित ओढ तयार होते. ती ओढ जमिनीतला वायू आत खेचते. फरशी आणि भिंतीचा सांधा, पाइपांभोवतीची फट, सम्पचा खड्डा (बेसमेंटमध्ये झिरपलेलं पाणी गोळा होतो तो), पोकळ ब्लॉकच्या भिंती, कुठूनही. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक वाटा असतात, त्या सगळ्या बुजवता येत नाहीत. शिवाय ड्रायर आणि स्वयंपाकघरातला पंखा ही ओढ आणखी वाढवतात.

मग राज्याचं प्रमाणपत्र असलेला माणूस शोधला. पेनसिल्व्हेनियात टेस्ट करणाऱ्याला आणि दुरुस्ती करणाऱ्याला ते लागतंच. त्याने आधी दोन बारीक भोकं पाडली. एकाला व्हॅक्यूम लावला आणि दुसऱ्याजवळ मापक धरून ओढ फरशीखालून किती लांब पोचते ते पाहिलं. आमच्याकडे काँक्रीटखाली खडी आहे, त्यामुळे ओढ सहज पसरली आणि एकच जागा पुरली. चिकणमाती असती तर दोन-तीन जागा आणि जास्त जोराचा पंखा लागला असता. सामानाच्या खोलीत त्याने पाच इंचाचं भोक पाडलं, हात घालून दोन बादल्या ओली खडी बाहेर काढली, आणि त्या पोकळीवर चार इंचाचा पीव्हीसी पाइप बसवला. पाइप गॅरेजमधून वर, गॅरेजच्या माळ्यावर पंखा, आणि तोंड छपराच्या वर. पंखा बेसमेंटमध्ये का नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, पंख्याच्या पुढच्या पाइपात दाब असतो. तिथे कधी सांधा सुटला तर फरशीखालचा सगळा रेडॉन आपणच घरात सोडू. सम्पवर त्याने घट्ट झाकण बसवलं. भेगा पुन्हा भरल्या, पण या वेळी कारण वेगळं होतं: पंख्याने घरातली गरम हवा ओढून नेऊ नये म्हणून.

पंखा चालू करण्याआधी त्याने मला खाली बोलावलं. हातात धुराची बारीक नळी होती. ती त्याने सांध्याच्या न भरलेल्या एका तुकड्याजवळ धरली, तर धूर भिंतीवरून वर, खोलीत आला. मग माळ्यावर जाऊन त्याने पंखा लावला आणि परत तिथेच नळी धरली. या वेळी धुराची रेघ वळली आणि सरळ फटीत खाली गेली. मी गुडघ्यावर बसून ते दोनदा करून बघितलं. मग त्याने तो तुकडाही भरला.

पाइपवर इंग्रजी यू अक्षरासारखी एक नळी लावलीय, तिच्यात लाल पाणी. दोन बाजूंच्या पातळीत फरक असला की ओढ चालू आहे. दोन्ही सारख्या झाल्या की पंखा बंद पडलाय. ती नळी रेडॉन मोजत नाही हे मात्र लक्षात ठेवा, त्यासाठी टेस्टच करावी लागते.

एकूण खर्च १,४५० डॉलर, काम साडेचार तासांचं. एक दिवस जाऊ देऊन परत चार दिवसांची टेस्ट केली: १.१. शून्य होत नाही, बाहेरच्या मोकळ्या हवेतही साधारण ०.४ असतो.

काल व्हिडिओ कॉलवर आई-बाबांना सांगितलं. तीन वर्षं त्यांना तिथे झोपवलं हे सांगताना मला बोलवेना.

दूरदेशी | १६ फेब्रुवारी

अबोलीताई, फार महत्त्वाचा धागा. आम्ही न्यू जर्सीत, सॉमरसेट काउंटीत. घर २००८ चं. कपड्यांच्या कपाटाच्या कोपऱ्यातून एक पांढरा पाइप वर जातो, तो मी बारा वर्षं सांडपाण्याचा समजत होतो. तुमचं वाचून आत्ता टॉर्च घेऊन गेलो, त्यावर रेडॉनचा स्टिकर आहे! आमच्या भागात नव्या घरात हा पाइप आधीच घालून द्यावा लागतो हे आता वाचलं. पण त्याला पंखा नाही. मग तो काम करतो की नाही?

अबोली | १६ फेब्रुवारी

थोडंफार करतो. पाइपातली हवा गरम होऊन वर जाते, तेवढीच ओढ. पुरेशी आहे की नाही ते टेस्टच सांगेल. आकडा जास्त आला तर तुमचं अर्धं काम झालेलंच आहे, माळ्यावर त्याच पाइपात पंखा बसवायचा. आजच डबी मागवा.

जास्वंद | १७ फेब्रुवारी

मी पुण्यात राहते, तळमजल्यावर. मुलगी मिनेसोटात असते, तिला ही लिंक पाठवली. पण आपल्याकडे याची काळजी करावी का? आपल्याकडे कोणी बोलतच नाही यावर.

कातळ | १७ फेब्रुवारी

जास्वंदताई, भूगर्भशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं सविस्तर.

रेडॉन येतो रेडियमपासून आणि रेडियम येतं युरेनियमपासून. युरेनियम थोडंफार सगळ्याच खडकांत असतं, पण कमी-जास्त. ग्रॅनाइट, ग्रॅनाइटी नाइस (पट्टेदार खडक) आणि काही काळे शेल (चिखलाचे थर घट्ट होऊन झालेले खडक) यांत जास्त. आपला दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, याबाबतीत खूप गरीब. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम बरंच कमी. पुणे, नाशिक, सातारा, मराठवाड्याचा बहुतेक भाग याच बेसॉल्टवर बसलाय. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे खडक वेगळा आणि फार जुना आहे, सिंधुदुर्गाच्या काही भागातही. अबोली राहतात तो पट्टा रीडिंग प्राँग म्हणून ओळखला जातो. तिथे जुना नाइस आहे आणि त्यात जागोजाग युरेनियम.

पण खडक ही अर्धीच गोष्ट. आपली घरं उघडी. खिडक्या दिवसभर सताड, दाराखाली बोटभर फट, फ्लॅट असेल तर खाली पार्किंग. जमिनीतून आलेला वायू साठायला बंद जागा लागते. अमेरिकेतलं हिवाळ्यातलं घर नेमकं तसंच असतं: जमिनीत आठ फूट खोल गेलेलं आणि सहा महिने बंद. म्हणून पुण्याच्या तळमजल्यावर, खिडक्या उघडत असाल तर, मी याची चिंता करणार नाही. मुलीला मात्र आजच फोन करा. बंद तळघरात दिवसभर एसी लावून काम करणाऱ्यांनी, मग ते भारतात का असेना, एकदा मोजून घ्यायला हरकत नाही.

प्रश्नचिन्ह | १८ फेब्रुवारी

कोणाला दुखवायचं नाही, पण मला यात भीती विकण्याचा भाग जास्त वाटतो. हे सगळे आकडे युरेनियमच्या खाणकामगारांवरून काढलेत ना? खाणीत श्वास घेणं आणि घरात झोपणं एक कसं? आमच्या ओळखीत बेसमेंटमध्ये वीस वर्षं राहिलेली माणसं ठणठणीत आहेत.

श्वास | १८ फेब्रुवारी

मी फुप्फुसांच्या विभागात काम करते, ओहायोत. तुमचा प्रश्न योग्य आहे आणि संशोधकांनीही तो विचारला होता. म्हणूनच घरांमध्येच थेट अभ्यास झाले. युरोपातल्या १३ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००५ मध्ये निष्कर्ष आला: घरात दर १०० बेकरेल वाढीमागे फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका साधारण १६ टक्क्यांनी वाढतो. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासांतूनही तसंच चित्र निघालं. म्हणजे आता खाणीवरून अंदाज बांधण्याची गरज उरलेली नाही.

रेडॉन स्वतः बहुतेक आत जाऊन तसाच बाहेर येतो. त्रास देतात ते त्याच्यापासून तयार होणारे पोलोनियमचे अणू. ते वायू नसतात, धुळीला चिकटतात, श्वासनलिकेच्या अस्तरावर बसतात आणि तिथेच फुटून अल्फा कण सोडतात. अल्फा कण कातडीतून आत जात नाही, पण आतल्या अस्तराच्या पेशींना इतक्या जवळून तो इजा करतो.

अमेरिकेत दरवर्षी अंदाजे २१,००० मृत्यू यामुळे होतात असं तिथली सरकारी पर्यावरण संस्था धरते. फुप्फुसाच्या कॅन्सरचं सिगरेटनंतरचं हे दुसरं कारण, आणि कधीच सिगरेट न ओढलेल्यांत पहिलं. तरी प्रमाण बघा. ४ च्या पातळीवर आयुष्यभर राहिलेल्या हजार न ओढणाऱ्यांपैकी सुमारे ७ जणांना हा कॅन्सर होऊ शकतो, हजार ओढणाऱ्यांपैकी ६२ जणांना. दोन्ही एकत्र आले की धोका अनेक पटींनी वाढतो. घरात कोणी ओढत असेल तर पाइप लावायच्या आधी ते सोडवा.

तुमच्या ओळखीतली माणसं ठणठणीत आहेत याचा मला आनंद आहे, बहुतेक जण राहतातच. पण रेडॉनने खोकला येत नाही, डोकं दुखत नाही, रक्त तपासून कळत नाही. माझ्या समोर बसलेल्या, आयुष्यात एकदाही सिगरेट न ओढलेल्या बाईला हे सांगावं लागतं तेव्हा मला ते सोपं जात नाही. पंधरा डॉलरची डबी आहे हो. लावून बघा.

अबोलीताई, तुमच्या आई-बाबांबद्दल. हा धोका वर्षानुवर्षांच्या साठवणीचा असतो. तीन उन्हाळे, तेही दार-खिडक्या उघड्या असण्याच्या दिवसांतले, याचा फार मोठा बोजा मनावर घेऊ नका. तुम्ही मोजलंत आणि थांबवलंत.

अबोली | १८ फेब्रुवारी

श्वास, तुमचा शेवटचा परिच्छेद मी बाबांना वाचून दाखवला. खूप आभार.

प्रश्नचिन्ह | १९ फेब्रुवारी

श्वास, नीट समजावून सांगितलंत. घरांवर अभ्यास झालेत हे मला माहीत नव्हतं. टेस्ट मागवली आहे.

सूचिपर्णी | २१ फेब्रुवारी

कोलोरॅडोतून. आमच्याकडे बेसमेंट नाही, क्रॉलस्पेस आहे, म्हणजे घराखाली तीन फूट उंचीची मातीची जागा. तिथे फरशीच नाही, मग पाइप कशाखाली घालणार? तर आख्ख्या मातीवर जाड प्लास्टिक अंथरलं, कडा भिंतींना चिकटवल्या, खांबांभोवती कापून टेप लावली. प्लास्टिकच्या खाली भोकं पाडलेला पाइप पसरला आणि तो पंख्याला जोडला. पंखा चालू झाला की प्लास्टिक मातीला घट्ट बसतं. ९.२ होतं, आता १.६.

एक सांगते, तिथे नंतर कोणालाही काम करायला पाठवाल तर आधी जाड गोणपाट अंथरा. आमच्याकडे गॅसच्या पाइपसाठी माणूस आला आणि गुडघ्याने प्लास्टिक फाटलं. दोन महिन्यांनी टेस्ट केली तेव्हा कळलं.

हिमगंध | २२ फेब्रुवारी

कॅल्गरीहून. आमच्या कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या पाइपात ओल गोठून बर्फ धरतो. म्हणून कॅनडात पंखा बेसमेंटमध्ये बसवून बाजूच्या भिंतीतून बाहेर काढायला परवानगी आहे, फक्त सांधे पक्के हवेत. अमेरिकेतल्या मंडळींनी हे बघून आपल्याकडे तसं करू नका, नियम वेगळे आहेत. इथे मर्यादा २०० बेकरेल, आणि तीन महिन्यांची लांब टेस्ट करा असं सांगतात, तीही थंडीत. रोजचा आकडा दाखवणारं यंत्र माझ्याकडे आहे, पण रोज बघून जीव टांगणीला लावू नका. पाऊस पडला, हवेचा दाब उतरला, जमीन गोठली की तो उड्या मारतो. महिन्याची सरासरी बघा.

पारवा | २२ फेब्रुवारी

वाचनखूण साठवली. खिडक्या उघड्या ठेवल्या तर? आणि हवा शुद्ध करणारं यंत्र? कुंड्या?

अबोली | २२ फेब्रुवारी

खिडक्या उघडल्या की आकडा उतरतो, पण बंद केल्यावर बारा तासांत परत तिथेच. जानेवारीत किती उघडणार? फक्त वरच्या मजल्याच्या उघडल्या तर खालची ओढ उलट वाढू शकते. यंत्राने धूळ पकडली जाते, तिला चिकटलेलं थोडं कमी होतं, पण रेडॉन हा वायू तसाच राहतो. झाडांचा उपयोग नाही.

ओटा_स्वयंपाकघर | २४ फेब्रुवारी

न्यू हॅम्पशरमध्ये घर घेतोय. विहिरीचं पाणी आहे आणि एजंट म्हणतो, ग्रॅनाइटचा भाग आहे, पाण्यातही रेडॉन असतो. खरं का? आणि स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा?

कातळ | २४ फेब्रुवारी

खरं आहे. खडकात खोल खणलेल्या खाजगी विहिरीत असतो, शॉवर आणि भांडी धुताना हवेत सुटतो. ढोबळ हिशेब असा: पाण्यात लिटरमागे १०,००० पिकोक्युरी असले तर घरातल्या हवेत साधारण १ ची भर. म्हणजे आधी हवा मोजा, जास्त आली तर पाणीही. पाण्यात हवा घुसळून रेडॉन बाहेर सोडणारी टाकी हा चांगला उपाय. कोळशाचा फिल्टरही चालतो, पण त्यात किरणोत्सार साठत जातो, बदलताना काळजी घ्यावी लागते. ओट्यामुळे सहसा काही मोठा फरक पडत नाही, तो काढायच्या खर्चात पडू नका.

अबोली | २४ फेब्रुवारी

आणि घर घेताना टेस्ट तुम्ही नेमलेल्या माणसाकडून करा. विकणाऱ्यांनी खिडक्या उघड्या ठेवल्या तर आकडा खोटा येतो. जास्त आला म्हणून घर सोडायची गरज नाही, पंखा बसवून द्या किंवा तेवढे पैसे कमी करा असं सांगा. दोन्ही नेहमीचं आहे इथे.

दूरदेशी | ९ मार्च

आमचा निकाल: ६.३. पुढच्या आठवड्यात पंखा बसतोय. धाकटा त्याच मजल्यावर तबल्याचा रियाज करतो, तोवर त्याला वर पाठवलंय.

अबोली | ३० मे

धागा वर काढतेय. ९१ दिवसांच्या लांब टेस्टचा निकाल आला: १.३. आई-बाबा पुढच्या आठवड्यात पोचतात. खोली तीच. आईनेच सांगितलं, देवघर हलवायचं नाही.

दूरदेशी | ३१ मे

आमचा ०.८. तबला परत खाली.

अबोली | १९ जुलै

एक अनुभव सांगायचाय, पंखा बसवलेल्या सगळ्यांसाठी. बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन सामानाच्या खोलीत जातात आणि लाल पाणी बघतात. त्यांनी पाइपला दोरीने एक वही अडकवलीय, त्यात तारीख आणि दोन्ही पातळ्या लिहितात. परवा रात्री जोराचं वादळ झालं, वीज दोनदा गेली-आली. सकाळी साडेसहाला त्यांनी खालून हाक मारली, "अगं, पाणी सारखं झालंय!"

मी माळ्यावर गेले. पंख्याच्या सॉकेटचं बटण उडालेलं होतं. ते दाबलं, पंख्याची बारीक घरघर सुरू झाली. खाली आले तर बाबा नळीसमोर वाकून बसले होते. दोन्ही बाजू हळूहळू वेगळ्या झाल्या, पावणेदोन इंचांवर थांबल्या. त्यांनी वहीत वेळ लिहिली: ६:४८, चालू.